खड्यातलं दुसरं घर

नवऱ्याच्या पित्ताशयातून काढलेला खडा डॉक्टर तांबट यंत्राखाली तपासत होत्या आणि कुमुद त्यांच्या तोंडाकडे बघत होती. माणूस ज्या घरी नेमाने जेवतो, तिथले पोटातले जंतू खड्याच्या थरांत अडकतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"घरं दोन दिसताहेत."

म्हणजे त्याचा दर गुरुवारचा उपास थोतांड होता तर! "कोण आहे ती?" कुमुद कडाडली. खाटेवरच्या हेरंबने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दुसऱ्या घरचे हे जंतू जन्मतानाच आईकडून मिळतात," डॉक्टर म्हणाल्या. "यांना मात्र अजूनही दर आठवड्याला ताजे मिळताहेत."

'तुमच्या आईकडे जेवलात तर माझं मेलेलं तोंड पाहाल,' अशी शपथ कुमुदनेच त्याला घातली होती.