वालाची वेगळी फांदी

ॲनिशाने कागद टेबलावर पसरला तेव्हा प्लासिड सरांनी आधी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. निकाल समोर होता आणि पाहायचा धीर होत नव्हता.

कागदावर वंशवृक्ष होता. माणसांचा नव्हे, एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. वनस्पतींना फॉस्फेट मोकळं करून देणारं जांभळं फॉस्फेटेज. त्याच्या गाभ्यात धातूचे दोन अणू, एक लोहाचा आणि दुसरा त्याचा जोडीदार. घेवड्याच्या आणि वालाच्या दाण्यात हा जोडीदार म्हणजे जस्त. सरांना तरुणपणी आपल्या वाडीतल्या वालात तिथे मँगनीज सापडलं होतं, रताळ्यात सापडतं तसं. म्हणजे आमच्या घरचा वाल बाकीच्या वालांबरोबर नाही, वेगळ्या फांदीवर बसतो, असं त्यांनी भीत भीत एका परिषदेत मांडलं. एका बड्या प्राध्यापकाने भर सभेत विचारलं, काचेची भांडी धुतली होती ना? म्हणजे मँगनीज वालातलं नव्हे, मळक्या भांड्यातलं. सभा हसली. सर खाली बसले ते बसलेच. निवृत्तीपर्यंत त्यांनी वसईत पोरांना वनस्पतीशास्त्र शिकवलं, पण संशोधनाचं नाव काढलं नाही.

ॲनिशा त्यांची विद्यार्थिनी, आता मुंबईत प्रयोगशाळेत होती. उन्हाळ्यात येऊन तिने घरच्या बरणीतले मूठभर वाल नेले होते. सरांचं खरं ठरवते, म्हणाली होती.

"सर, हे तुमचे वाल," तिने फांदीच्या टोकावर बोट ठेवलं. शेजारीच बाजारातली सुधारित जात होती. "दोघांच्या जनुकात अक्षराचाही फरक नाही. आणि धातू जस्तच." ती अवघडली. "तेव्हाची यंत्रं साधी होती सर. कुणाचंही चुकलं असतं."

सरांनी मान हलवली. आपण भांडं धुतलं नसणार, हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते मळकं भांडं डोळ्यांसमोर दिसायचंसुद्धा. तिला शोधनिबंधात तसंच लिहायचं होतं, सौम्य शब्दांत. सरांची हरकत नव्हती. नुसतं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, ही सुधारित जात कधीची?

तिने सांगितलं. सर निवृत्तीला टेकले होते, त्या सुमाराची.

सर कागदावर वाकले. त्यांच्या घरचं बियाणं तर आईने लग्नात आणलं होतं, मग ते या नव्या जातीशी जुळेल कसं?

इतक्यात धाकटा भाऊ सॅन्टन वाडीतून आला. नळावर पाय धुता धुता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. मागे एका वर्षी वाडीत पाणी भरलं नव्हतं का, वेल कुजले, बरणीतल्या बियाण्याला भुंगा लागला. मग विरारहून सुधारित बियाण्याची पाकिटं आणली आणि लावली. त्याचंच बी पुढे धरत गेलो.

"वाल तो वाल, दादा."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू मनाला लावून घेतोस. वहिनीच म्हणाली, राहू दे."

सरांची बायको कॅथरिन दारात लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. सरांनी आपल्या मुलाचं नाव घेतलं. केनीला ठाऊक आहे?

"तोच तर स्कूटरवर घेऊन गेला होता मला विरारला."

दर आगेराला, नव्या पिकाच्या सणाला, जेवताना सर सांगायचे, हे माझ्या आईचे वाल. सगळे मान डोलवायचे. केनी तर आणखी वाढून घ्यायचा.

"ही पोर वाल मागायला आली, तेव्हा तरी सांगायचंस."

"मला काय ठाऊक, ती त्यातून एवढं काढील. म्हटलं, शाळेच्या प्रदर्शनाला हवे असतील."

सर टेबलाची कड चाचपत म्हणाले, "सॅन्टन, मी इतकी वर्षं समजत होतो की मी भांडं धुतलं नाही."

सॅन्टनचं हसू ओसरलं, पण त्याला नीटसं कळलं नाही. ॲनिशाला कळलं, तिने तपासले ते सरांचे वाल नव्हतेच. तिने घाईने विचारलं, पाणी भरलं त्याआधी हे बियाणं कुणाला दिलं होतं का? एक वेल जरी उरला असेल तरी पुरे.

सर उठले. शेजारच्या मार्सेलला ते दरवर्षी स्वतःच्या हाताने वाटीभर बियाणं द्यायचे, आई होती तेव्हापासून. कधी कुणाला मोठ्याने हाक न मारणाऱ्या सरांनी कुंपणाशी जाऊन दोनदा हाक मारली. मार्सेल सोनचाफ्याची टोपली तशीच हातात धरून आला.

"मी देतो ते वाल तू कुठे लावतोस?"

मार्सेलने आधी सॅन्टनकडे पाहिलं, मग टोपलीत.

"लावायला आम्ही पाकिटातले आणतो, सर. तुम्ही प्रेमाने द्यायचात, तर बायको त्यांचं बिरडं करायची."

सरांचा चेहरा पाहून मार्सेल गडबडला. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून त्याने भरभर पुढे सांगितलं, "पण पहिले द्यायचात ना, पाणी भरलं त्याच्या आधी, त्यांचं बिरडं वेगळंच लागायचं, सर. जरासं कडवट, पण वास असा की पोरं भांडायची. मग एका वर्षी तशी चव आलीच नाही. आम्ही घरात म्हणालोसुद्धा, सरांचे वाल बदलले."

ॲनिशाने ते टिपून घ्यायला पेनाचं टोपण काढलं, मार्सेलच्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसत्या चवीचं काय लिहायचं म्हणून पुन्हा लावलं.