खोली मोकळी करताना

सजावटकाराने त्या झोपायच्या खोलीकडे पाहून नाक मुरडलं. भिंतींना चिकटून कपाटं, पलंगाखाली ट्रंका, खिडकीवर गोधडीसारखा जाड पडदा. असल्या लोकांना झोपायलाही गोदामच लागतं, असं त्याचं मत होतं.

"इथलं काही हलवू नकोस रे," घरातली म्हातारी म्हणाली. "भरलेली आहे तेच बरं. रिकामी केली की ही खोली वाढते."

"वाढावी म्हणूनच तर तुमच्या सुनेने मला बोलावलंय, आजी," असं म्हणून त्याने हमालांना खूण केली.

संध्याकाळपर्यंत सगळं सामान बाहेर गेलं आणि भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. काम संपलं की खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची त्याची सवय होती. मोकळ्या खोलीत टाळी घुमते आणि अडाणी गिऱ्हाईक खूश होतं.

त्याने टाळी वाजवली. काहीच घुमलं नाही. तो चरफडला, आणि तेवढ्यात समोरच्या भिंतीकडून टाळी परत आली, मैलभर चालून आल्यासारखी दमलेली.

"बघा, किती ऐसपैस वाटते," तो कुत्सितपणे हसत दाराकडे वळला.

म्हातारी दारातच उभी होती, पण ती अंगठ्याएवढी दिसत होती. तिचे ओठ हलले. शब्द मात्र बऱ्याच वेळाने येऊन पोचले.

"आता पुन्हा टाळी वाजवू नकोस."

त्याने वाजवली नव्हती. तरी त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, टाळी वाजली.