पाद्रीबुवांचा सौना

कुओपिओच्या पाद्रीबुवांकडे त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलेल्या यार्कोने कॉफी पिता पिता बेधडक थापा ठोकल्या. "हेवी मेटल? छे हो, नुसता गोंगाट! आणि ते ड्रॅगनचे सिनेमे म्हणजे पोरखेळ!"

"उत्तम," पाद्रीबुवा म्हणाले. "चल, सौना तापलाय."

गळाबंद शर्ट घालून आलेल्या यार्कोला थापांच्या नादात सौना आठवलाच नव्हता. त्या वाफेच्या खोलीत अंगावर चिंधीसुद्धा ठेवायची नसते. आता छातीवर गोंदलेलं लाडक्या बँडचं नाव लपवायचं कुठे?

पाद्रीबुवा दगडांवर पाणी ओतायला वळले, तर त्यांच्या पाठभर पंख पसरून गिटार वाजवणारा ड्रॅगन गोंदलेला! यार्कोचा जीव भांड्यात पडला.

पाद्रीबुवांनी मात्र त्याच्या छातीवरचं नाव वाचून नाक मुरडलं.

"हे ऐकतोस होय, जावईबापू? म्हणजे मेटल ऐकत नाहीस, ते खरंच होतं तर!"