मेंढरांची खूण

उत्तर वेल्समधल्या आमच्या मतदारसंघाची फेरमोजणी संपली तेव्हा एकच शंकास्पद मतपत्रिका उरली होती. ती धरली तर बरोबरी, नाहीतर आमचा उमेदवार इल्तिड एका मताने हरणार. त्याच्या नावापुढे फुलीऐवजी अर्धवर्तुळ आणि दोन रेघा होत्या. त्याच्या वडिलांच्या मेंढरांच्या पाठीवर हीच खूण असते. सहीच्या जागीही ते तीच काढतात. त्याने पक्ष बदलला म्हणून ते तीन वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. "मतदार ओळखू आला तर मत बाद," निवडणूक अधिकारी म्हणाल्या. "कुणी ओळखतं का?" प्रतिस्पर्धी मायनिर इल्तिडच्या वडिलांची शेजारीण, ती खिडकीबाहेर बघत राहिली. "बाबांची खूण आहे," इल्तिड म्हणाला. अधिकाऱ्यांनी बादचा शिक्का मारला. त्याने घरी फोन लावला. "एका मताने हरलो, बाबा." "एकाच? कुठलं गाढव मतदानाला गेलं नाही, ते शोध आधी." "असू द्या. जेवायला येतोय."