दुसरा अंगठा

परवाना नूतनीकरणाच्या खिडकीतल्या बाईंनी भिकाजी परुळेकरांची बंदूक यंत्राला जोडली आणि मान हलवली.

"काका, तुमचा दुसरा अंगठा बदलावा लागेल."

नव्या कायद्याने बंदूक दोन अंगठ्यांनीच उघडायची: एक मालकाचा, दुसरा त्याच्या सर्वांत मोठ्या वैऱ्याचा. भिकाजींचा वैरी म्हणजे बांधावरून अकरा वर्षं भांडणारा शेजारी जनू. रताळ्यांत डुक्कर शिरलं की त्याला हाक मारायची. तो येऊन चहा प्यायचा, तोवर डुक्कर जेवून गेलेलं असायचं.

"वैर चार टक्क्यांवर आलंय. किमान चाळीस लागतं," बाई म्हणाल्या. "आता तुमचे व्याही सगळ्यात वर दिसतायत."

भिकाजींचा चेहरा पडला. व्याही चहा पीत नसत, आणि निमित्तच संपलं तर जनू येणार कशाला?

अंगठा द्यायला सोबत आलेल्या जनूने घसा खाकरला. "भिक्या, बांध माझाच आहे."

"तुझ्या बापाने चोरलेला."

"तुझी रताळी कडू."

"म्हणून डुकराच्या आधी तू खातोस, मेल्या?"

यंत्राचा काटा एकेचाळीसवर गेला तसा बाईंनी शिक्का मारला.

बाहेर आल्यावर जनूने हळूच विचारलं, "बापाचं काढलंस, ते मनापासून नव्हतं ना?"

"नव्हतं. पण तुझं रताळ्यांचं लागलं मला," भिकाजी म्हणाले. "संध्याकाळी ये. उकडून घालतो, मग बोल."