ईशानचं जावळ

आमच्या ईशानचं जावळ अडलं होतं, कारण सासरी कुलदैवतच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्या गालाच्या आत कापूस फिरवून डीएनए तपासणीला पाठवला. रिपोर्टमध्ये रक्ताच्या नात्यातलं एकच जवळचं नाव निघालं: ठमाबाई, बेलवली.

"आपण बदलापूर ईस्टला, ही वेस्टला, आणि पत्ताच नाही!" माझा नवरा प्रीतम हसला. "चल, देव विचारून येऊ."

म्हातारीला आम्ही येण्याचं कारण सांगितलं. तिने ईशानकडे निरखून पाहिलं.

"याचा जावल झायलाय गो."

"नाही हो आजी," मी म्हणाले. "सकाळीच तेल लावून केस विंचरलेत."

तिने फडताळातून एक जुनं फडकं काढून सोडलं. आत मऊ, तांबूस केस होते. ईशानच्या केसांसारखेच.

"माझा पयला पोर. नववा महिना लागला तवा त्याचा जावल काढला. आठव्या दिशी गेला."

ईशानला कालच नववा लागला होता.

"प्रीतम, निघूया," मी म्हणाले. तेवढ्यात, कुणाकडेच न जाणारा ईशान तिच्याकडे झेपावला. मी त्याला मागे ओढलं आणि त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं.

माझ्या तळव्याला केस लागलेच नाहीत.