येते

मी नर्स, परराज्यात नोकरीला आलेली. इथल्या पेशंटांची भाषा मला मोबाईलमधली एआय मास्तरीण शिकवते. महिनाभर डबा खाता खाता तिच्याशी बोलून ‘दुखतंय का’, ‘कूस बदला’ सगळं जमलं. घोडं अडलं ते निरोपावर. मी त्या भाषेत ‘येते’ म्हटलं, की लाल फुली. “चूक. तुम्ही निघालात, ‘जाते’ म्हणा.” अगं बाई, आजारी माणसाच्या उशाशी ‘जाते’ कोण म्हणतं? मी फुल्या खाल्ल्या, पण हट्ट सोडला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींचा मुलगा पंधरवड्यापूर्वी अगदी शुद्ध ‘जातो’ म्हणून गेला, तो परत फिरकलाच नव्हता. आज ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्या भाषेत म्हणाले, “आजी, येते.” त्यांनी गोंधळून माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं. “कधी?” “उद्या सकाळी सातला.” आजींनी उशाखालचं बंद पडलेलं घड्याळ काढलं, मला वेळ विचारली आणि पूर्ण किल्ली दिली.